खार उतरेपर्यंत

वैशाख सरत आला की पेणच्या खाडीकडची शेतं पांढरी पडतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी चुन्याची फक्की मारत गेलं आहे. जवळ गेल्यावर पापुद्रा दिसतो. भेगांच्या कडांना जाड, मधल्या ढेकळांवर विरळ. पायाखाली तो हलकेच करकरतो. बोटाला लावून जिभेवर ठेवला तर आधी खारट आणि मागून किंचित कडू लागतो. यंदाही तसंच आहे. गेल्या आठवड्यात वडखळला उतरून खाडीच्या रस्त्याला लागले तेव्हा दोन्ही बाजूंना ही पांढरी शेतं होती, मध्ये बांधांच्या काळ्या रेघा, आणि ऊन असं की डोळे किलकिले केल्याशिवाय कुठेच पाहता येत नव्हतं.

इथे खार चढतो आणि उतरतो, असं म्हणतात. ताप चढावा-उतरावा तसं. उन्हाळ्यात खालचं खारं पाणी मातीतून वर येतं, वर आल्यावर पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पावसाळ्यात वरून पडणारं गोडं पाणी ते मीठ विरघळवतं, खाली ढकलतं आणि उघाडीतून खाडीला परत देतं. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं झाप लावलेलं दार. ओहोटीला आतलं पाणी ते बाहेर सोडतं, भरतीला मिटून घेतं. खार उतरल्यापासून तो पुन्हा चढेपर्यंतच्या मोजक्या काळात इथलं भात रुजतं, वाढतं आणि पिकतं. म्हणून आषाढात दोन माणसं वाटेत भेटली की आधी खार उतरला का हे विचारतात, प्रकृतीची चौकशी मागून होते.

हे दिवस आले की मला एक ठरावीक वर्ष आठवतं. त्याच्या आदल्या भाद्रपदात, मोठ्या उधाणाच्या भरतीला, सुमनताईच्या गावाला खांड गेली होती. खाडीच्या बाजूचा बांध फुटतो त्याला खांड जाणं म्हणतात. सुमनताई माझी मामेबहीण, वयाने बरीच मोठी. पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात दिलेली. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती आणि शेत तीच पाहत होती. खांड गेल्यावर खाडीचं पाणी पोटरीत आलेल्या भातात शिरलं. गावाने घरटी माणूस लावून, चिखलाच्या पाट्या टाकून बांध पुन्हा उभा केला, तोपर्यंत थंडी सरली होती. मधले सगळे महिने भरतीचं पाणी शेतात येत-जात राहिलं. ते आटलं तेव्हा सुमनताईच्या शेतात भाताच्या सडलेल्या बुडख्यांभोवती चिंबोऱ्यांची बिळं होती, आणि बांधाच्या कडेला खाऱ्या चिखलातच उगवणाऱ्या तिवराची दोन-दोन पानांची रोपं उभी होती.

तिच्या घरात माळ्यावर, तुळईला टांगलेल्या एका मडक्यात, राता होता. राता हे खाऱ्या जमिनीतलं जुनं भात. दाणा लाल आणि जाड, पेंढा उंच. गावात बाकीच्यांनी तो कधीच सोडला होता. सुधारित बियाणं जास्त उतरतं आणि पांढरं असतं. सुमनताई वरच्या तुकड्यात थोडा राता दरवर्षी धरत असे, कारण तिच्या सासूने धरला होता आणि कारण त्याची पेज तिला आवडत असे. खांड गेली त्या वर्षी उभं पीक गेलं. उरलं ते आदल्या वर्षीचं, मडक्यातलं. ते आणखी एक पावसाळा बाहेर राहिलं असतं तर त्याचा कोंब मेला असता. भाताचं बी फार वाट पाहत नाही, आणि खाडीच्या दमट हवेत तर नाहीच.

दुसरीकडे कुठे लावावा म्हटलं तर जागा नव्हती. मी तेव्हा रोह्याजवळ वरसे गावात राहायला आले होते. आमच्या शेजारच्या भातवाल्यांकडे मी शब्द टाकून पाहिला. ते नम्रपणे नको म्हणाले. राता पिकला की दाणे गळतात, गळलेले दाणे पुढच्या वर्षी पांढऱ्या भातात उगवतात आणि मग किती वर्षं निघत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचंही बरोबर होतं. म्हणजे राता जगायचा तर सुमनताईच्याच शेतात, आणि त्याच पावसाळ्यात. त्या शेतातला खार तेवढा उतरेल का, एवढंच कळायचं बाकी होतं.

ते कळण्याच्या रीती गावात होत्या. पहिल्या पावसानंतर बांधात साठलेलं पाणी ओंजळीने तोंडात घेऊन थुंकत. ते खारट आहे, मचूळ आहे की गोडं, यावर रहू टाकायचा दिवस ठरे. रहू म्हणजे मोड आणून चिखलात फेकायचं बी. पायाला भेगा असलेली बाई चिखलात उभी राहिली आणि भेगा चुरचुरल्या तर अजून थांबायचं. कुठलं गवत आधी हिरवं होतं, बेडूक कुठल्या खाचरात ओरडतात, तेही बघत. या रीती चुकीच्या नव्हत्या. पण त्या नेहमीच्या वर्षांसाठी होत्या. वर साठलेलं पाणी गोडं आणि बोटभर खाली माती खारीच, असं खांडीनंतर होऊ शकतं. जिभेला वरचं पाणी कळतं. मूळ खालच्या मातीत जातं.

मोजून घ्यावं, हे सुचवलं गणपतने. हा सुमनताईचा धाकटा दीर. धाटावच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, रोह्याशेजारच्या अष्टमी गावात भाड्याच्या दोन खोल्या, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून गावाला. शेत सोडून द्यावं, असं त्याचं मत होतं आणि ते तो लपवत नसे. खांड पुन्हा जाणार, आपण किती वेळा चिखल वाहणार, असं तो म्हणे. पण मोजायची गोष्ट त्याने काढली ती प्रामाणिकपणे. त्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले राऊत अष्टमीलाच राहत. नोकरीत त्यांचं काम पाणी तपासायचं होतं, आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजायचं एक छोटं यंत्र त्यांनी स्वतःचं घेऊन ठेवलं होतं. निवृत्तीनंतर ते बोअरचं पाणी, टाकीचं पाणी, कुंडीतली माती, जे हाती लागेल ते मोजत.

राऊतांनी समजावलेलं अजून लक्षात आहे, कारण ते कुठलीही गोष्ट दोनदा सांगत आणि दुसऱ्यांदा हळू. निव्वळ पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. मीठ विरघळलं की जाते. जितकं मीठ, तितकी सहज. म्हणून मातीतलं मीठ पाण्यात उतरवायचं आणि त्या पाण्यातून वीज किती जाते ते पाहायचं. एक भाग कोरडी माती, दोन भाग शुद्ध केलेलं पाणी. नळाचं नाही, बोअरचं तर मुळीच नाही. बॅटरीत घालतात ते चालेल. हलवायचं, ठेवायचं, पुन्हा हलवायचं. गाळ बसू द्यायचा. यंत्राचं टोक आधी त्याच पाण्याने धुवायचं, मग वरच्या निवळीत बुडवायचं. आकडा स्थिर झाला की लिहायचा. माती-पाण्याचं प्रमाण दर वेळी तेच हवं, नाहीतर कालचा आकडा आजच्या शेजारी ठेवता येत नाही. हे सगळं कुणालाही जमतं, असं ते म्हणत, आणि मग सांगत की लोक चुकतात ते यंत्रापाशी नाही, माती आणताना चुकतात.

म्हणून माती कशी आणायची त्याच्या सूचना वेगळ्या होत्या. पांढरा पापुद्रा खरवडून आणायचा नाही, तो सगळ्या शेताची साक्ष देत नाही. बांधाच्या कडेची नको, जनावर बसतं तिथली नको. तुकड्यात पाच-सहा ठिकाणी वीतभर खड्डा करायचा, त्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत एकसारखी चकती काढायची. सगळ्या चकत्या एकत्र करायच्या, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तसंच, ओंजळभर उरेपर्यंत. ती सावलीत सुकवायची, कुटायची, चाळायची. खताच्या पिशवीत घालायची नाही. हे शेवटचं ते तीनदा म्हणाले.

वैशाखातली पहिली माती आम्ही तिघांनी मिळून काढली. सुमनताई पुढे, पदर डोक्यावर ओढलेला, हातात कोयता. खुरपं त्या जमिनीत शिरतच नव्हतं. शेताचे दोन तुकडे होते, घराकडचा वरचा आणि खाडीकडचा खालचा. मी चारातले दोन भाग टाकत होते तेव्हा ती बघत राहिली आणि म्हणाली, मोजायला आणलीस की वाटायला. माती अंगणात वर्तमानपत्रावर पसरली, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळली. गणपतने ती अष्टमीला नेली. दोन्ही आकडे मोठे आले, खालच्या तुकड्याचा फारच. राऊत म्हणाले, वैशाखात असंच असणार. हा चढलेला ताप आहे, आता उतारा बघायचा.

त्यांच्या घराच्या मागल्या खिडकीतून कुंडलिका दिसे. खिडकीच्या कट्ट्यावर त्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असत. तळाला गाळ, वर चहाच्या रंगाचं पाणी. खाली नदीचं पात्र, पुलावरून रोह्याकडे जाणारी शिफ्टची माणसं. मला त्या बाटल्या बघायला आवडत. एक अख्खं शेत, त्यात उभा राहिलेला खाडीचा अख्खा हिवाळा, आणि ते सगळं एका बाटलीत निवळायला ठेवलेलं.

पाऊस लागला तशी सुमनताईने पाणी धरायला सुरुवात केली. शेताचे बांध चोंदायचे, पाणी घोट्यापर्यंत साठू द्यायचं, आत फिरून पायांनी चिखल ढवळायचा, आणि ओहोटी बघून उघाडीकडे सोडून द्यायचं. मग पुन्हा धरायचं. बाहेर पडणारं पाणी आधी दुधाळ असे, मग मातकट, मग नुसतं गढूळ. चिखलात चालून तिच्या पायांची कातडी पांढरी पडली होती. शेजारच्या बायका बांधावरून विचारत, सुमन, शेत धुतेस की वाकळ? ती म्हणे, वाकळच आहे, तुमच्या वाट्याची पण आणा.

आषाढात दुसरी माती काढली. तेव्हा मी नव्हते. रीत आता तिला पाठ होती. गणपतने नेली. दुसऱ्या दिवशी मला राऊतांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता. खालच्या तुकड्याचा आकडा उतरला नव्हता. वरच्या तुकड्याचा वैशाखापेक्षा चढला होता. त्यांनी यंत्र तपासलं होतं, ठरलेल्या ताकदीच्या मिठाच्या पाण्यात बुडवून. यंत्र बरोबर होतं. त्यांना एकच कारण दिसत होतं: नवा बांध आतून पाझरतो आहे, आणि खाडी खालून शेतात येते आहे. तसं असेल तर कितीही धुतलं तरी उपयोग नव्हता. या मातीत टाकलेला रहू वर येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या रविवारी मी गावाला गेले. गणपत पडवीत पायरीवर बसला होता. आपण सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि ते न म्हणणंच घरभर ऐकू येत होतं. सुमनताई चुलीपाशी होती. भाकरी थापता थापता, मान वर न करता, ती म्हणाली,

"वाटेत मीठ मिसळलंस की काय रे भावोजी? शेत सुटलं म्हंजे तुझी सुट्टी मोकळी."

गणपत उठला. त्याने चपला घातल्या, हेल्मेट घेतलं. दारात थांबून म्हणाला, "वयनी, मना शेत नको हाय. पण तुझी माती मी मांडीवर धरून नेली, पावसात भिजू नये म्हणून."

मोटारसायकलचा आवाज बांधावरून दूर जाईपर्यंत ती भाकरी तव्यावर होती. ती करपली. सुमनताईने ती काढून ठेवली आणि दुसरी थापली.

पुढचे दिवस पाऊस चांगला लागला. गावाने रहू टाकला. ज्यांची शेतं खांडीपासून लांब होती त्यांची हिरवी झाली. सुमनताई रोज उठून वरच्या तुकड्यातलं पाणी तोंडात घेत असे. मला तिने फोनवर सांगितलं, पाणी गोडं लागतंय गो, पण आता जिभेवर भरोसा राहिला नाय. माळ्यावरचं मडकं तिने उतरवलं नव्हतं. ती भात शिजवत होती तो रेशनचा.

मोजमापाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. आकडा हाती आला की माणूस बाकीच्या साक्षी बाजूला ठेवतो. तसं करायलाही हवं, नाहीतर मोजायचं कशाला? पण आकड्याला स्वतःच्या मागचा रस्ता दिसत नाही. तो बाटलीतल्या पाण्याबद्दल खरं बोलत असतो. त्या पाण्यात शेताखेरीज आणखी काय उतरलं, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि तो सांगत नाही.

राऊतांच्या पत्नी, राऊतकाकू, त्या वेळी मुलीकडे गेल्या होत्या. आठवडाभराने परतल्या. घर झाडताना खिडकीच्या कट्ट्यावरच्या बाटल्या पाहिल्या आणि रिकाम्या करून धुवाव्यात म्हणून एकीचं झाकण उघडलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी विचारलं,

"अहो, या बाटलीत सुकी मासळी कोणी भिजवलीय?"

राऊतांना करोनानंतर वास येत नव्हता. ते बाटली नाकाशी धरून उभे राहिले, मग ती परत काकूंकडे दिली आणि म्हणाले, पुन्हा बघ. काकूंनी पुन्हा बघितलं. म्हणाल्या, जवळा आहे, आणि खारवलेला बांगडा. वैशाखातल्या मातीची थोडी भुकटी कागदाच्या पुडीत ठेवलेली होती. तीही राऊतांनी ओली करून काकूंना दिली. तिला नुसता चिखलाचा वास होता.

राऊतांनी फोन केला तो गणपतला. गणपत शिफ्ट संपवून घरी न जाता थेट गावाला गेला. मला वाटेत वरशाला घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. सुमनताई पडवीत होती. गणपतने तिला काही समजावलं नाही. एवढंच विचारलं की दुसरी माती कुठे सुकवलीस.

तिने आत नेलं. आषाढात अंगण ओलं, पडवी ओली, वर्तमानपत्राचा लगदा होणार. म्हणून तिने माती चुलीवरच्या माळ्याला, धुराच्या उबेला, चटईवर पसरली होती. शिंदीच्या पात्यांची ती चटई घरात सगळ्यात जपलेली. जमिनीवर कधी अंथरत नसत, लेकराला तिच्यावर बसू देत नसत, पाय तर लागूच देत नसत. कारण तिच्यावर वर्षाची मासळी सुके. खताची पिशवी नको म्हटल्यावर तिने घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू काढली होती. चटईच्या विणीत, पात्यांच्या खाली, कित्येक उन्हाळ्यांचं मीठ बसलेलं होतं. ओली चिकणमाती दोन दिवस तिच्यावर पडून होती, आणि ओली माती मीठ ओढून घेते.

गणपतने चटईवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं, आणि चटई तिच्यासमोर धरली. तिनेही बोट लावलं. मग ती चटईकडे बघत म्हणाली, "धुतली होती रे." आणि हसायला लागली. गणपतही हसला. ते हसणं थांबल्यावर तिच्या लक्षात काय आलं ते चेहऱ्यावर दिसलं. बाहेर गावाची शेतं हिरवी होती. तिचं पाणी धरून ठेवलेलं, रिकामं. चूक कुणाची यापेक्षा मधले दिवस गेले, हे मोठं होतं.

ती गणपतची माफी मागेल असं मला वाटलं नव्हतं आणि तिने मागितली नाही. तिने त्याला जेवायला वाढलं, आणि मासळीचा तुकडा त्याच्या ताटात ठेवताना म्हणाली, घे, तुझ्या राऊतसाहेबांनी पास केलेला.

तिसरी माती त्याच दुपारी काढली. ती सुकवायला वेळ नव्हता. राऊत दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र घेऊन स्वतः आले. ओल्या मातीत आधीचं पाणी किती, ते त्यांनी थोडी माती तव्यावर वाळवून आणि वजन करून काढलं, तेवढं वरचं पाणी कमी घेतलं. पडवीत, सुमनताईच्या स्टीलच्या पेल्यांत, माती निवळत राहिली. कुणी हलवू नये म्हणून तिने पेल्यांभोवती पाट आडवे लावले. राऊतांनी यंत्राचं टोक धुतलं, बुडवलं, थांबले. वरच्या तुकड्याचा खार उतरला होता. रात्याला चालेल एवढा, थोडा हातचा राखूनही. खालच्या तुकड्याचाही उतरला होता, पण पुरेसा नाही. तिथे टाकू नका, असं ते म्हणाले. दुसऱ्यांदा हळू म्हणाले.

मडकं त्याच संध्याकाळी उतरलं. बी भिजवलं, पाण्यावर तरंगलेलं काढून टाकलं, पेंढ्यात गुंडाळून उबेला ठेवलं. मोड सगळ्या दाण्यांना आले नाहीत. जे आले ते पांढरे, टोकदार, पाटीभर. गणपतने रजा टाकली होती. वरच्या तुकड्यातलं पाणी उतरवून चिखल सारखा केला आणि सुमनताईने रहू फेकला. कमरेत वाकून, हात मागून पुढे, बोटं सैल. तुकडा दाट पेरून झाला तरी पाटीच्या तळाला बी उरलं. ती पाटी घेऊन खालच्या तुकड्याकडे वळली. गणपत म्हणाला, वयनी, साहेबांनी नाय सांगितलंय तिथं. ती थांबली, पाटीतल्या मोडांकडे पाहिलं.

"मडक्यात मरंल तर चिखलात मरू दे की. तिथं निदान मातीला कळंल, आपण आयलो व्हतो."

खालच्या तुकड्यातले मोड रुजले, बोटाएवढे झाले, मग पानांची टोकं तांबूस पडून जळत गेली. श्रावणात तिथे पुन्हा उघडं पाणी होतं. यंत्राने सांगितलं होतं तेच घडलं. वरचा तुकडा उभा राहिला, पण गावाच्या मागे. बाकीच्यांचं भात पिवळं पडलं तेव्हा रात्याला नुकती लोंबी येत होती. त्याच सुमाराला पाऊस गेला. ऊन तापलं, बांधातलं पाणी आटलं, आणि मातीतून खार पुन्हा वर यायला लागला. एरव्ही तोवर दाणा भरून झालेला असतो. त्या वर्षी तो अर्धा भरला होता.

कापणीला गणपत आला होता, मीही गेले होते. एका तुकड्याची कापणी, तिला किती वेळ लागणार. पेंढे हातात हलके लागत होते. पाटावर झोडपलं, सुपाने वारं घातलं, तेव्हा पोचट दाणे खूप लांबपर्यंत उडाले आणि अंगणाच्या कडेला लाल रेघ पडली. सुपाखाली जे राहिलं ते सुमनताईने खाली बसून, मूठ मूठ करून, मडक्यात भरलं. मडकं भरलं, गळ्यापर्यंत. वर एक ओंजळ उरली.

त्यांच्याकडे नव्या भाताचा पहिला घास देवाला दाखवल्याशिवाय घरात कुणी खात नाही. ओंजळभर दाणे कांडून शिजवायचे, केळीच्या पानावर ठेवायचे, मग सगळ्यांनी थोडं थोडं घ्यायचं. त्या संध्याकाळी चुलीवर रेशनचा तांदूळ शिजला. सुमनताईने देवापुढे पान मांडलं आणि त्यावर रात्याची ती ओंजळ ठेवली, तुसासकट, न कांडता. दिवा लावला. हळद-कुंकू वाहिलं ते पानाच्या कडेला, दाण्यांना लागणार नाही असं. गणपत तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "यंदा देवानं नुसतं बघावं."

दिवा शांत होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग पानाच्या दोन्ही कडा उचलून तिने दाणे मडक्यात सोडले, पानाला चिकटलेले नखाने काढले, आणि आम्हाला जेवायला बोलावलं.